रातपाळी, पगार आणि परतीची गाडी : कोल्हापुरात स्थलांतरित कामगारांमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचं काम कसं करावं

शिरोलीच्या फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव तुकडे घासून साफ करायला, उभा असलेला बिहारचा पोरगा, इचलकरंजीत यंत्रमागावर बारा तासांची पाळी ओढणारा ओडिशाचा माणूस आणि बीडहून कोयता घेऊन आलेलं जोडपं, या सगळ्यांना 'एड्स' हा शब्द माहीत असतो. तो त्यांनी दवाखान्याच्या भिंतीवर वाचलेला असतो, एसटी स्टँडवर ऐकलेला असतो. नसते ती वेळ. सरकारी चाचणी केंद्र सकाळी उघडतं आणि दुपारनंतर आवरायला लागतं. त्या वेळात हे लोक एकतर भट्टीपुढे असतात, नाहीतर रातपाळी करून झोपलेले, नाहीतर उसाच्या फडात. म्हणून इथे भाषणं आणि पोस्टर यांचा भाग थोडाच ठेवला आहे. चाचणी, निरोध, गुप्तरोगाचे उपचार आणि औषधाची डबी या चार गोष्टी कामगाराच्या वेळापत्रकात कशा बसवायच्या, एवढंच पाहायचं आहे. कार्यकर्ते, आशाताई, ठेकेदार, मुकादम आणि कारखान्यातले एचआरवाले, सगळ्यांच्या उपयोगाचं आहे हे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. परगावचा माणूस रोग घेऊन येतो, हा समज डोक्यात ठेवून या कामात उतरू नये. माणूस घरापासून लांब असतो, हातात पगार असतो, खोलीत दहा-बारा जण असतात आणि बाईमाणूस किंवा जवळचा मित्र कुणी नसतो. धोका या परिस्थितीतून येतो. तोच माणूस गावी असता तर बहुतेक वेळा हा प्रश्न उभाच राहिला नसता.

धोका नेमका कुठे

आकडे माहीत असावेत, पण जपून वापरावेत. जोडीदाराला एचआयव्ही आहे, उपचार चालू नाहीत आणि निरोध वापरलेला नाही, अशा स्थितीत योनीसंबंधात दर १०,००० वेळांमागे बाईला साधारण ८ वेळा आणि पुरुषाला ४ वेळा लागण होते. गुदसंबंधात आत घेणाऱ्याला हाच धोका सुमारे १३८ इतका वाढतो. खोलीत हे आकडे सांगितले की कुणीतरी हमखास म्हणतं, "मग काय, काहीच नाही की!" तिथेच थांबून पुढचं सांगायचं. हे सरासरीचे आकडे आहेत. जोडीदाराला नुकतीच लागण झालेली असेल तर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला विषाणू प्रचंड असतो. दोघांपैकी कुणालाही जननेंद्रियावर जखम किंवा चट्टा असेल तर धोका कितीतरी पटीनं चढतो. लागण व्हायला एक वेळही पुरते.

पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, आणि एका खोलीत बारा जण झोपतात तिथे ते होत नाहीत असं मानणं भाबडेपणाचं आहे. 'बाईकडे गेलो नाही, म्हणजे मला काही होणार नाही' हे वाक्य पुष्कळ ऐकू येतं. विचारताना "बाहेर जाता का?" असं विचारू नका. "गेल्या तीन महिन्यांत कुणाशीही, बाई किंवा पुरुष, निरोधाशिवाय संबंध आला का?" असं सरळ आणि सगळ्यांना एकाच आवाजात विचारा.

एकत्र जेवणं, टपरीवरचा ग्लास, डास, सामाईक संडास, यातून एचआयव्ही पसरत नाही. जत्रेत एकाच सुईनं ओळीनं गोंदून घेणं आणि आधी वापरलेल्या सुईचं इंजेक्शन मात्र टाळायचंच. काविळीचा बी विषाणू त्याच वाटेनं येतो, आणि तो एचआयव्हीपेक्षा सहज लागतो.

चाचणी शिबिर : कुठल्या वेळी, कसं

फौंड्रीत पाळी बदलण्याची वेळ धरा. सुटणारी पाळी आंघोळीला जाण्याआधी अर्धा तास आणि चढणारी पाळी कामाला लागण्याआधी अर्धा तास, अशा एका तासात दोन्ही पाळ्या सापडतात. मागवाल्यांना पगाराच्या आदल्या दिवशी गाठा. पगार हातात पडल्यावर ते भेटत नाहीत, आणि भेटले तरी शुद्धीत असतीलच असं नाही. ऊसतोड टोळीचं गणित वेगळं. पहाटे फडात जातात, दुपारी मोळ्या बांधून गाडी भरतात, बायका वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकायला बसतात, मग चूल पेटते. गाडी रात्रीही भरायला लागू शकते. टोळी कुठल्या गावच्या फडात आहे हे कारखान्याच्या शेतकी विभागातल्या चिटबॉयला विचारा, त्याच्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नसतं. कारखान्यात बिघाड होऊन तोड थांबली की तो दिवस तुमचा. अशा दिवसासाठी किट आणि माणसं आधीच बोलून ठेवलेली असली पाहिजेत.

शिबिर 'एचआयव्हीचं' म्हणून लावलंत तर कुणी फिरकणार नाही. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, डोळे, यांच्यासोबत एचआयव्ही आणि सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणी ठेवा. पण इथे एक मोठी चूक होते. 'सगळं रक्त एकदम काढलंय' म्हणून न सांगताच एचआयव्हीची चाचणी केली जाते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार समजावून, संमती घेऊनच ही चाचणी करता येते. 'साखर तपासायची, पण ही नको' असं म्हणायची मुभा माणसाला हवी.

क्रम असा ठेवा :

१. नोंदणीचं टेबल बाहेर. ओळखपत्राची अट घालू नका, आधार नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका.
२. समुपदेशन आत, दार लावून. टाइम ऑफिस, स्टोअर, बंद टेम्पोचा हौदा, काहीही चालेल, फक्त बोललेलं बाहेर ऐकू जाता कामा नये. मुकादम किंवा सुपरवायझर खोलीत नको, 'दुभाषा' म्हणूनही नको. भोजपुरी, ओडिया किंवा कन्नड बोलणारा माणूस बाहेरून आणा.
३. बोटाच्या टोकावरून रक्ताचा थेंब. प्राथमिक चाचणीचा निकाल अर्ध्या तासाच्या आत मिळतो.
४. निकाल त्याच खोलीत, एकेकट्याला. 'निगेटिव्ह'वाले चटकन बाहेर आणि एखादाच पंधरा मिनिटं आत, असं झालं की बाहेरच्या रांगेला सगळं कळतं. म्हणून प्रत्येकाला सारखाच वेळ बसवा. निगेटिव्ह माणसाशी निरोध आणि पुढच्या चाचणीबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ असतं.
५. प्राथमिक चाचणीत काही दिसलं तर तो पक्का निकाल धरायचा नाही. पक्क्या निकालासाठी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, वेगवेगळ्या किटवर आणखी चाचण्या होतात. माणसाला त्याच दिवशी सोबत घेऊन जा. कोल्हापूरकरांच्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरमध्ये, आणि इचलकरंजीच्या इंदिरा गांधी रुग्णालयात ही सोय आहे. चाचणी मोफत आहे.

'उद्या जा' म्हणालात की माणूस हातचा गेला म्हणून समजा. दिलेला मोबाइल नंबर बहुतेक वेळा ठेकेदाराचा निघतो किंवा सिम बदललेलं असतं. नंबर घेताना विचारा, "हा फोन कुणाच्या हातात असतो?" आणि "मी फोन केला तर काय म्हणून सांगू?" डोळ्यांच्या शिबिरातून बोलतोय, हे उत्तर बहुतेकांना चालतं.

तीन महिन्यांचं कोडं

शरीरात एचआयव्हीविरोधी प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून संबंधानंतर लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह आली तरी ती शेवटची नसते, ९० दिवसांनी पुन्हा करायची. शहरात राहणाऱ्याला यात काही अवघड नाही. आता ऊसतोड्याचं बघा. संबंध १० जानेवारीला आला, शिबिर २० फेब्रुवारीला झालं, निकाल निगेटिव्ह. पुढची चाचणी १० एप्रिलला. तोवर कारखान्याचा पट्टा पडलेला असतो, म्हणजे हंगाम संपलेला असतो, आणि टोळी मराठवाड्यात.

यावर उपाय साधाच आहे. चिठ्ठीवर '१० एप्रिलनंतर' एवढीच तारीख लिहा, कशाची ते लिहू नका. माणसाकडून त्याच्या तालुक्याचं नाव घ्या आणि तिथलं आयसीटीसी कुठल्या रुग्णालयात आहे ते तिथल्या तिथे १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारून त्याला सांगा. तो तालुक्याचा दवाखाना बहुधा त्याला ठाऊकच असतो. आणि तोवर घरीही निरोध वापरायचा.

घरी निरोध वापरायचा म्हटलं की नवऱ्याचा चेहरा उतरतो. 'बायको विचारेल, तिथे काय केलंस?' पाळणा लांबवायचाय, हे कारण त्याला सुचवता येतं, आणि ते खोटंही नसतं. पण त्यावर भागवू नका. चाचणी पॉझिटिव्ह आली तर बायकोची चाचणी टाळता येणार नाही, आणि तिला ते नवऱ्याकडूनच, समुपदेशकासमोर कळलेलं बरं.

निरोध : हातातली गोष्ट

सरकारी निरोध फुकट मिळतो, तरी तो फाटतो अशी तक्रार असते. बहुतेक वेळा दोष मालाचा नसतो. पाकीट महिनाभर पँटच्या मागच्या खिशात बसून दाबलं गेलेलं असतं, किंवा खोलीच्या पत्र्याखाली कोनाड्यात ठेवलेलं असतं, जिथे मार्चमध्ये हात भाजतो. उष्णता आणि घासणं, दोन्हीनं रबर खराब होतं. पिशवीच्या तळाशी कपड्यांत ठेवलेलं टिकतं.

फौंड्रीत आणखी एक खास भानगड. ग्रीस, ऑइल आणि मोल्डिंगची बारीक वाळू हाताला असते. तेल लागलं की रबर काही मिनिटांत कमकुवत होतं. खोबरेल, व्हॅसलीन, साजूक तूप, सगळ्याला हाच नियम. ओलावा हवा असेल तर पाण्याच्या आधाराचं जेलच वापरायचं. आधी साबणानं हात धुवायचे.

दाखवताना असं दाखवा. मुदतीची तारीख वाचा. पाकीट दोन बोटांत दाबा, आत हवेची उशी लागली पाहिजे. निरोध एका बाजूला सरकवून दुसऱ्या बाजूनं फाडा, दातानं नाही. लिंग ताठ झाल्यावर, आणि कुठलाही स्पर्श होण्याआधी लावायचा. 'शेवटी लावतो' म्हणणाऱ्याला सांगा की आधीचा ओलावाही पुरतो. टोक चिमटीत धरून हवा काढा आणि बुडापर्यंत उलगडा. उलगडत नसेल तर तो उलटा आहे. तो तसाच फिरवून लावू नका, टाकून नवा घ्या. संबंधानंतर ताठरपणा असतानाच बुडाशी धरून बाहेर काढा, गाठ मारा, कागदात गुंडाळा. दोन निरोध एकावर एक लावू नका, घासून दोन्ही फाटतात.

हे सगळं दाखवायला केळं नको. केळ्यावर सगळं सोपं दिसतं आणि खोलीत हशा पिकतो. लाकडी साचा वापरा आणि ज्याला शिकायचंय त्याच्याच हातात द्या, डोळे मिटून एकदा. अंधाऱ्या खोलीत तसंच लावायचं असतं. आणि दारू प्यायच्या आधी निरोध खिशात हवा. नंतर कुणी आणायला जात नाही.

गरमी, परमा आणि 'अवधाण'

गुप्तरोगाला इथले मजूर गरमी म्हणतात. लघवीच्या वाटे पू, जळजळ, म्हणजे परमा. या दुखण्यांवर मेडिकलमधून तीन गोळ्या आणून भागवण्याची पद्धत जुनी आहे. पू थांबतो, रोग थांबतोच असं नाही, आणि जोडीदाराकडून परत येतो.

सर्वांत फसवं सिफिलिस. चट्टा उठतो, पण दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. माणसाला वाटतं मलम लागू पडलं. रोग रक्तात राहतो आणि पुढं बायकोला, तिच्या पोटातल्या बाळाला जातो. म्हणून न दुखणारा चट्टा दिसला की जास्त घाई करायची.

ऊसतोड्याचं दुसरं फसगतीचं ठिकाण म्हणजे जांघेतली गाठ. पाचटानं किंवा कोयत्यानं पाय कापला की जांघेत अवधाण येतं, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे गुप्तरोगाची गाठ आली तरी 'अवधाण आलंय' म्हणून शेकत बसतात. पायाला ताजी जखम नसेल आणि गाठ आली असेल तर दवाखाना गाठायचा.

सरकारी रुग्णालयांत या आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे लक्षणांनुसार रंगीत पाकिटातले औषधसंच मोफत मिळतात. राखाडी संच लघवीच्या वाटे येणाऱ्या पुवासाठी, हिरवा बाईच्या अंगावरून पांढरं जाण्यासाठी, पांढरा न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी, लाल पाण्याच्या फोडांसाठी, पिवळा बाईच्या ओटीपोटातल्या दुखण्यासाठी, काळा जांघेतल्या गाठीसाठी. पेनिसिलीन चालत नसलेल्या चट्टेवाल्याला निळा. पांढऱ्या संचातलं पेनिसिलीन २४ लाख युनिटचं असतं. ते दोन्ही कुल्ल्यांवर अर्धं-अर्धं देतात आणि खूप दुखतं. त्यामुळे भर हंगामात माणूस टाळाटाळ करतो. संध्याकाळी, काम संपल्यावर द्यायची व्यवस्था झाली तर बरं. जोडीदाराचे उपचार बरोबरच झाले पाहिजेत, आणि दोघांचे उपचार होऊन सात दिवस जाईपर्यंत संबंध नको.

बायकांचं वेगळं बोला

ऊसतोडीला येणाऱ्या कितीतरी बायकांची गर्भपिशवी काढलेली असते. बीड जिल्ह्यातल्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये इतका गाजला की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवी नाही म्हणजे पाळी नाही, गरोदरपणाची भीती नाही, मग निरोध कशाला, असा हिशेब घरात होतो. पिशवी काढल्यानं एचआयव्ही किंवा सिफिलिस अडत नाही, हे शब्द न गाळता सांगा. आणि ज्यांची पिशवी अजून आहे त्यांना हेही सांगा, की अंगावरून पांढरं जाणं बहुतेक वेळा औषधानं बरं होतं. त्यासाठी ऑपरेशन लागत नाही.

गरोदर बाईची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी फडाच्या गावातल्या आरोग्य उपकेंद्रातही होऊ शकते. नोंद माता-बाल कार्डावर करून घ्या आणि कार्ड तिच्याजवळ राहू द्या, मुकादमाच्या पेटीत नको. आईला एचआयव्ही असून उपचार नसतील तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. नीट उपचार झाले तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते.

बाईवर जबरदस्ती झाली असेल तर आधी दवाखाना. कुठलंही सरकारी किंवा खासगी रुग्णालय मोफत उपचार नाकारू शकत नाही, आणि पोलिसांत तक्रार झाली नाही म्हणून थांबवूही शकत नाही. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, शक्यतो पहिल्या दोन तासांत, आणि २८ दिवस रोज घ्यायची असतात. गर्भनिरोधक गोळीही जितक्या लवकर तितकी बरी. पोलिसांसाठी ११२, महिला हेल्पलाइनसाठी १८१.

निरोध फाटला म्हणून येणाऱ्या पुरुषालाही हाच ७२ तासांचा नियम सांगा. औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात, आणि ते सरकारी साठ्यातून मिळेल की बाहेरून घ्यावं लागेल हे तिथे कळतं. पण चौथ्या दिवशी गेलं तर ठरवायला काही उरत नाही.

पॉझिटिव्ह आल्यावर

उपचार लगेच सुरू होतात, पांढऱ्या पेशींचा आकडा घसरण्याची वाट बघत नाहीत. बहुतेकांना रोज एक गोळी, तीन औषधं एकत्र असलेली. जेवणाआधी-जेवणानंतर असा नियम नाही, त्यामुळे पाळी बदलली तरी मोबाइलच्या गजरावर ठरलेल्या वेळी घेता येते. रक्तातला विषाणू मोजण्याची तपासणी सहा महिन्यांनी होते. तो न सापडण्याइतका खाली गेला आणि गोळी चालू राहिली, तर संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. ही गोष्ट प्रत्येक पॉझिटिव्ह माणसाला पहिल्याच भेटीत कळायला हवी, कारण 'आता लग्न संपलं' या विचारानंच पुष्कळ जण गायब होतात.

दोन बारकावे. या गोळीतलं डोलुटेग्राविर लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांबरोबर नीट शोषलं जात नाही. ते आधी घ्यायचं असेल तर त्यांच्या दोन तास आधी, नाहीतर सहा तास नंतर. मजुरांच्या खिशात ॲसिडिटीची गोळी असतेच, म्हणून हे मुद्दाम विचारा. दुसरं, डबीचा खुळखुळ आवाज. दहा जणांच्या खोलीत तोच आवाज चौकशीला कारण होतो. डबीत कापसाचा बोळा घाला. गोळ्या काढून कागदात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओलाव्यानं खराब होतात.

खोकला (कितीही दिवसांचा असो), ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, यांपैकी काहीही असेल तर क्षयाची तपासणी. फौंड्रीत 'वाळूचा खोकला आहे' म्हणून महिनोन्महिने दुर्लक्ष होतं, आणि एचआयव्हीबाधिताला क्षय सर्वांत लवकर गाठतो.

कारखान्यानं काय करावं? कामावर घेताना एचआयव्हीची चाचणी मागू नये, पॉझिटिव्ह म्हणून काढू नये. दोन्ही बेकायदेशीर आहे. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं तक्रार अधिकारी नेमायचा असतो. महिन्यातून एक दिवस, कारण न विचारता, अर्ध्या दिवसाची सवलत दिली तरी निम्मं काम होतं. कोण पॉझिटिव्ह आहे हे एचआरनं विचारूच नये आणि कार्यकर्त्यानं सांगूच नये.

गावी निघताना

होळीला, छटपूजेला किंवा पट्टा पडताना, निदान पंधरा दिवस आधी औषध चालू असलेल्या माणसाला एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्रात, पाठवा. प्रकृती स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. कायमचा परत जात असेल तर बदलीपत्र घ्यायचं, म्हणजे तिकडच्या केंद्रात नव्यानं सगळं सांगावं लागत नाही. नुसता महिनाभर जात असेल आणि गोळ्या संपल्या, तरी उपचारपुस्तिका दाखवून जवळच्या कुठल्याही एआरटी केंद्रात तात्पुरत्या गोळ्या मागता येतात. पुस्तिकेच्या पहिल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कुलूप लावून.

धनबादच्या गाडीत दोन रात्री जातात. डबी वरच्या बर्थवरच्या मोठ्या बॅगेत ठेवली की बॅग चोरीला जाते, नाहीतर सगळ्यांसमोर उघडावी लागते. दोन-तीन दिवसांच्या गोळ्या वेगळ्या छोट्या कोरड्या डबीत, अंगावरच्या पिशवीत. पाण्याची बाटली जवळ. गजर चालू, आवाज बंद, नुसतं कंपन.